क्लचवरचं तेल

मिल बंद झाली तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज आईच्या शिलाई मशीनचा असायचा. त्याआधी तो मान मिलच्या भोंग्याचा होता. नाना मिलमध्ये फिटर होते. कताई खात्यातलं कुठलंही मशीन अडलं की त्यांना बोलावणं यायचं, आणि मशीनला हात लावायच्या आधी ते पाच मिनिटं नुसते डोळे मिटून ऐकत उभे राहायचे, असं त्यांच्याबरोबरची माणसं सांगायची. भोंगा थांबला तरी नानांची वेळ थांबली नाही. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फ्रीगंजमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराच्या ओट्यावर बसायचे. मिल पुन्हा सुरू होणार अशी बातमी दर आठवड्याला कुणीतरी आणायचं आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसं नजर चुकवायची. आई पोहे करायची, वर शेव पेरायची, लिंबाची फोड ठेवायची. नाना दोन घास खाऊन बशी सरकवायचे. आई ती बशी उचलून झाकून ठेवायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. मोहल्ल्यातल्या बायकांचे ब्लाऊज, साड्यांचे फॉल, शाळेचे युनिफॉर्म. तिच्या पायाखालचं ते खडखडणं दिवसभर चालायचं, आणि मला वाटतं, नानांना ते सहन होत नसे.

मी तेव्हा बी.ए. झाले होते आणि चित्रकला बरी होती, एवढ्या भांडवलावर मला भैरवगढला काम मिळालं. युसूफचाचांचा छपाईचा कारखाना होता. लाकडी ठप्प्यांनी चादरी, ओढण्या, साड्या छापायचे. तोवर हा माल मालव्यातल्या बाजारांतच जायचा, पण त्या दिवसांत बाहेरच्या मागण्या यायला लागल्या होत्या. टीव्हीवर एकाएकी वीस चॅनेल आले होते, टावर चौकातल्या दुकानांत कधी न पाहिलेल्या वस्तू दिसू लागल्या होत्या, आणि दिल्लीच्या लोकांना आमचे भैरवगढचे बूटे, म्हणजे छापातली फुलांची नक्षी, पाहिजे होते, फक्त जरा नव्या धर्तीचे. ते नवे बूटे कागदावर काढून देणं माझं काम. ठप्पा कोरणारा कारागीर माझा कागद लाकडावर चिकटवायचा आणि छिन्नीनं माझी रेघ खोल करत जायचा. आपण काढलेली रेघ कापडावर शंभर वेळा उमटताना पाहण्यात जे सुख आहे, ते मला पुढे कशातही मिळालं नाही. हे मी आज, इंदूरला मुलीच्या घरी बाल्कनीत बसून, पूर्ण विचार करून लिहिते आहे.

फ्रीगंजहून भैरवगढ म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं टोक. ऑटो बदलत जावं लागे, आणि वेळेवर पोचणं नशिबावर. म्हणून नानांनी मिलमधल्या एका मित्राची जुनी मोपेड घेतली. तो आपल्या गावी परत निघाला होता. पायडलची गाडी, मरून रंगाची, सीटला ब्लेडनं कापल्यासारखी चीर. आईनं रेक्झिनचा तुकडा लावून ती शिवून टाकली. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "मुलगी एकटी नदीपल्याड जाणार? रोज?" नाना ओट्यावरूनच म्हणाले, "जाणार. ने येणारही." 'ने' म्हणजे आणि, आमचं मालव्यातलं बोलणं. मला इतका अभिमान वाटला होता त्यांचा, की आजही ते वाक्य आठवलं की आधी तो अभिमानच वर येतो. बाकीचं मागून येतं.

गाडी आली तेव्हाच तिच्या इंजिनात एक टकटक होती. पहिल्या रविवारी नानांनी अंगणात गोणपाट अंथरलं, हत्यारांची पेटी काढली आणि मला हाक मारली. "इकडे ये. काय ऐकू येतं?" मी म्हटलं, आवाज येतोय. "आवाज तर बहिऱ्यालाही येईल. कुठून येतो?" त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. मी दचकून मागे झाले. आतून कुणी कानात बोलावं तसा आवाज आला. मग त्यांनी टोक एकेका जागी नेलं. सायलेन्सरजवळ पत्र्याचा थरथराट होता, तो नट ढिला असल्याचा. चेनच्या बाजूला फटफट, ती चेन लोंबल्याची. आणि वर, सिलिंडरच्या जवळ, बारीक, कोरडी टकटक. "ही खरी. पिस्टनची पिन झिजलीय. बाकी सगळा तमाशा आहे." त्या दिवशी आम्ही नट कसला, चेन ताणली, पुढच्या रविवारी पिन बदलली. दोघांचेही हात काळे, आणि आई ओरडून राहिली की जेवण थंड होऊन चाललंय. त्या दुपारी नानांनी कणकेचे, तुपात बुडवलेले चार बाफले खाल्ले. डाळ दोनदा घेतली. आईनं माझ्याकडे पाहून नुसती भुवई उचलली.

क्लचचा धडा त्यानंतर झाला. गाडी पुलाच्या चढावर दमायला लागली होती. नाना म्हणाले, "इंजिन ओरडतं ने चाक पळत नाही, असं झालं की समज, क्लच घसरतोय." त्यांनी बाजूचं झाकण उघडून दाखवलं. आत एक गोल डबी, तिच्यात दोन अर्धगोल तुकडे. इंजिन जोरात फिरलं की ते तुकडे बाहेर फेकले जाऊन डबीला घट्ट धरतात, आणि मग चाक फिरतं. "हे कोरडे पाहिजेत. एकदम कोरडे. तेलाचा एक थेंब लागला तरी पकड गेली." आमचे तुकडे तेव्हा नुसतेच गुळगुळीत झाले होते. ते मी पॉलिशपेपरनं घासले, पेट्रोलनं धुतले, उन्हात वाळवले. झाकणाला एक छोटं रबरी बूच होतं, ते काढलं की आत बॅटरीचा उजेड टाकून डबी पाहता यायची. नाना म्हणाले, रोज बघत जा. गाडी दोन-अडीच महिने कापसासारखी चालली.

मग क्लच पुन्हा घसरू लागला. उघडून पाहिलं तर तुकड्यांवर तेल. धुतलं, वाळवलं, बसवलं. पंधरा दिवस नीट, पुन्हा तेच. मग आठ दिवसांनी. नाना आणि मी प्रत्येक रविवारी गोणपाटावर बसायचो. ते सगळ्या शक्यता एकेक करून समजावायचे, मी वहीत आकृती काढून घ्यायची. आमच्यात इतकं बोलणं आधी कधीच झालं नव्हतं. मिलमधले किस्से, त्यांच्या वडिलांचा राग, त्यांना स्वतःला एकदा मुंबईला जायचं होतं ते. मी गाडीवर वैतागले होते हे खरं, पण त्या रविवारांवर नाही. शेवटी नाना म्हणाले, "क्लचच्या मागे गियरचं तेल आहे. मधली रबरी सील गळत असेल. ती काढायचं हत्यार आपल्याकडे नाही. टावर चौकात शफी मिस्त्रीकडे ने."

शफीभाईंचं दुकान चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. पन्नाशीचा माणूस, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. त्यांनी माझ्यासमोर जुनी सील काढली, नवी पुडीतून काढून दाखवली आणि बसवली. जुनी सील बोटात फिरवत ते म्हणाले, "ये इतनी खराब तो नहीं थी, बेटी." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. आठ दिवसांत क्लच पुन्हा घसरला. मी रडकुंडीला येऊन नानांना म्हटलं, आता काय? नानांनी झाकण उघडलं, बोट फिरवलं, तेल पाहिलं, आणि म्हणाले, "त्यानं नवी दाखवली ने जुनीच बसवली असणार. आजकाल कुणाचा भरवसा राहिला नाही."

हे त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं.

त्याच सुमारास युसूफचाचांनी सांगितलं की सोमवारी दिल्लीचे लोक येणार आहेत. त्यांना ठप्प्यांची नवी नक्षी काढणारं माणूस पाहिजे होतं. आधी सहा महिने जयपूरला शिकायचं, मग त्यांच्याच कामावर पक्कं. चाचांनी माझं नाव दिलं होतं. मी घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. आई म्हणाली, "जयपूर? एकटी?" नानांनी विचारलं, "सहा महिने का?" मी हो म्हटलं. रविवारी त्यांनी माझे नमुने चिकटवायला पुठ्ठे कापून दिले. पट्टी लावून, इतके सरळ की युसूफचाचांनी कारागिरांना दाखवावेत. क्लचही आम्ही त्याच सकाळी धुवून कोरडा केला होता. बारा नमुने होते. मी ते जुन्या चादरीत गुंडाळून बांधून ठेवले.

सोमवारी सोमवती अमावस्या आली होती. पहाटेपासून नदीकडे माणसांचा पूर, खेड्यांतून आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पोलिसांनी रस्ते अडवलेले. ऑटो मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण माझ्याकडे गाडी होती. मी दोन तास आधी निघाले. क्लच आदल्या सकाळीच कोरडा केला होता, म्हणून बूच काढून पाहिलं नाही. फिरून जाणाऱ्या रस्त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत पोचले, आणि चढावर इंजिन किंचाळायला लागलं. चाक थंड. मी ॲक्सिलेटर पिळला, ते आणखी किंचाळलं. बाजूनं स्नानाला निघालेल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन जात होत्या, त्यातली एक म्हणाली, "बाई, उतर जा, गरीब गाड़ी रो रही है." मी उतरले. झाकण उघडायला जवळ काही नव्हतं. पायडल मारून पाहिलं. ज्यानं कधी ती गाडी पायडलनं चढावर नेली असेल त्यालाच कळेल. थोडं पायडल, थोडं ढकलणं, असं करत, साडीचा काठ चेनच्या काळ्या तेलानं माखून, मी कारखान्यात पोचले तेव्हा वाळत घातलेल्या चादरी लोक गोळा करत होते. युसूफचाचा दारातच उभे होते. "बेटी, वो लोग गए. उनकी गाड़ी का टाइम था." मी नमुने पुढे केले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, एकेक उघडून पाहिला आणि म्हणाले, "भेज दूँगा. लेकिन उन्होंने इंदौर की एक लड़की को हाँ कह दी है." पाठवलेल्या नमुन्यांचं उत्तर कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी ढकलत शफीभाईंच्या दुकानात नेली. तिथं चार-पाच गिऱ्हाइकं होती, शेजारच्या पानवाल्याकडेही माणसं होती. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. चोर म्हटलं. म्हटलं, नवी सील दाखवून जुनी बसवली, तुमच्यामुळे माझं आयुष्य गेलं. मोठ्यानं म्हटलं, हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. शफीभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तुमको तो आता है. तुम्हीं खोलो. सबके सामने खोलो."

मी खोललं. झाकण काढलं, डबी काढली, अर्धगोल तुकडे काढले. तुकडे तेलानं चमकत होते. मागे सील होती. नवी. काळी, कोवळी, तिच्या कडेवर अजून बारीक साच्याची रेघ. आणि ती कोरडी होती. मी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मागून थेंबही आला नव्हता. तेल फक्त पुढच्या बाजूला होतं, बुचाच्या बरोबर समोर, तिथून खाली ओघळलेलं. गियरचं तेल दाट असतं, काळपट, त्याला जळका वास येतो. हे पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ होतं. मी बोट नाकाशी नेलं. माझ्या लहानपणच्या प्रत्येक फ्रॉकला तो वास होता. आई मशीनला तेल द्यायची आणि मग पहिल्या कापडावर एक डाग पडायचाच.

शफीभाईंनीही बोटावर घेऊन पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांना किती आधीपासून कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी जमलेल्या माणसांना म्हटलं, "चलो भाई, कुछ नहीं है, गलतफहमी थी." मग तुकडे स्वतः धुतले, कोरडे केले, बसवले. माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटेना. ते म्हणाले, "घर जाओ बेटी. आराम से चलाना."

घरी आई मशीनवर होती. नाना भाजी आणायला गेले होते. मी तेलाची कुपी मागितली. तिनं मशीनच्या खणात हात घातला, मग तसाच थांबवला. मी म्हटलं, "आई, क्लचमध्ये तुझ्या मशीनचं तेल आहे." मशीनचं चाक तिनं हातानं धरून थांबवलं. 

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय पाहिलं होतंस?"

"ह्यांना. बूच काढून कुपी धरताना. पहिल्यांदा वाटलं, गाडीला तेल देऊन राहिलेत. मग कळलं."

"ने तू मला सांगितलं नाहीस?"

"रविवारी ते जेवायचे गं," आई म्हणाली. "आठवडाभर माणूस उपाशी उठतो पानावरून. रविवारी तू ने ते अंगणात बसायचे, ने ते पोटभर जेवायचे, हसायचे. मला वाटलं, गाडीच तर आहे. धुतली की चालते."

मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायला काही शिल्लकच नव्हतं. एका माणसानं फसवलं तर दुसऱ्याकडे जाऊन रडता येतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

नाना आले. पिशवीत मेथी होती, ती त्यांनी आईपुढे ठेवली आणि आम्हा दोघींचे चेहरे पाहून समजले. तरी म्हणाले, "काय म्हणाला शफी? कबूल केलं का?" तेवढं त्यांनी विचारायला नको होतं. मी म्हटलं, "सील नवी आहे, नाना. कोरडी आहे." ते बोलू लागले की कधीकधी केबलवरून तेल उतरतं, कधी बेअरिंगमधून... तोच समजावण्याचा आवाज, ज्याच्यावर मी वह्या भरल्या होत्या. मी मध्येच म्हटलं, "मशीनचं तेल आहे. आईनं पाहिलंय."

ते खाटेवर बसले. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"बाकीचे रविवार मी समजू शकते," मी म्हटलं. खरं तर समजू शकत नव्हते. "पण परवा? पुठ्ठे कापून दिलेत तुम्ही मला. ने संध्याकाळी तेल घातलंत?"

"सहा महिने म्हणालीस तू," नाना म्हणाले. आवाज इतका लहान होता की आईनं पुढे वाकून ऐकलं. "सहा महिने मी ह्या घरात काय करू?"

"ने शफीभाईंनी काय केलं होतं तुमचं? मी त्यांना चोर म्हणून आले. भर बाजारात."

नाना जमिनीकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. आई मेथी निवडू लागली.

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेले आहे. बसून राहणं म्हणजे काय हे मलाही कळू लागलं आहे, मुलगी संध्याकाळी कामावरून उशिरा आली की माझे कान दाराकडे असतात. पण तिच्या गाडीची किल्ली लपवावी असं कधी मनात आलं, तर मला ते पुठ्ठे दिसतात, पट्टी लावून कापलेले. ज्या हातानं इतकं सरळ कापलं, त्याच हातानं. तिथं माझी समजूत थांबते, आणि मी ती पुढे ढकलत नाही.

शफीभाईंकडे मी चार दिवसांनी गेले. पेढे नेले होते, ते हातातच राहिले. मी म्हटलं, भाईजी, गलती मेरी थी. ते म्हणाले, "तुम्हारी कहाँ थी." एवढंच. मग मला स्टूल दिलं आणि चहा मागवला. पण दुकानात गिऱ्हाइकं कमी होती, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. पानवाला माझ्याकडे पाहून पान लावत राहिला.

त्यानंतर रविवारी गोणपाट अंथरलं गेलं नाही. गाडीचं काही निघालं तर मी स्वतः करायची, नाही जमलं तर शफीभाईंकडे न्यायची. रात्री गाडी मी आत, माझ्या खाटेपाशी घेत असे.  नाना माझ्याशी बोलायचे, पाणी दे, वर्तमानपत्र कुठंय, मीही उत्तर द्यायची. पोह्यांची बशी पुन्हा झाकली जाऊ लागली, आणि आई माझ्याकडे अशी बघायची जणू ती मीच सरकवली होती.

वर्षभरानं मला इंदूरला एका शाळेत चित्रकलेची नोकरी लागली आणि मी तिथंच राहायला जायचं ठरवलं. गाडी विकायला काढली. घेणारा नानाखेड्याकडचा एक तरुण शिक्षक होता. गाडी तपासायला तो एका मिस्त्रीला घेऊन आला, आणि ते शफीभाई होते. त्यांना माहीत नसावं कुणाचं घर ते. दारात नानांना पाहून ते क्षणभर थांबले. मग खाली बसले, इंजिन चालू केलं, मान तिरकी करून ऐकलं, झाकणाला हात लावला आणि उठले. शिक्षकानं नानांना विचारलं, "बाबूजी, सच-सच बताना, कोई खराबी तो नहीं रही इसमें?"

शफीभाई हात पुसत होते. मी दारात उभी होते, गाडीचे कागद घेऊन. नाना ओट्यावरून उठले, पायऱ्या उतरले आणि शफीभाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"इंजन अच्छा है," ते म्हणाले. "क्लच में परेशानी आती थी. उसमें तेल मैं डालता था. मिस्त्री का काम पक्का था."

शिक्षकाला काही समजलं नाही. तो हसला. शफीभाईंनी नानांचा हात हातात घेतला, काळ्या तेलासकट, आणि दोघंही तसेच उभे राहिले. मी कागद धरून थांबले होते. आता नाना वळतील, माझ्याकडे बघतील, मलाही काही म्हणतील. मग शफीभाईंनी हात सोडला, आणि नाना माझ्या बाजूनं, माझ्याकडे न बघता, आत निघून गेले.